इंजिनाचा ताप

मोटारीच्या बॉनेटखालून वाफ येऊ लागली की माणसाला पहिली बुद्धी होते ती रेडिएटरचे झाकण फिरवण्याची आणि दुसरी, हाती लागेल ते पाणी ओतण्याची. या दोन्ही बुद्धी घातक आहेत. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग असते. तिच्या दाबामुळे आतले पाणी १०० अंशांवर उकळत नाही, ११५-१२० अंशांपर्यंत तग धरते. झाकण उघडताच तो दाब नाहीसा होतो आणि तेच पाणी क्षणार्धात वाफ होऊन हातातोंडावर येते. अशा रीतीने भाजलेल्या एका तरुणाला आम्ही इस्पितळात भेटून आलो आहोत. ते दृश्य विसरता येण्याजोगे नव्हते. तापल्या इंजिनावर थंड पाणी पडले, तर त्याच्या ॲल्युमिनियमच्या हेडला बाक येतो किंवा तडा जातो. तेव्हा गाडी कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निदान तासभर स्वस्थ बसावे. आमच्या लोकांना हे स्वस्थ बसणेच सर्वांत कठीण जाते.

आमच्या धर्मग्रामाची मोटार जुनी आणि लहान आहे. वसईच्या गल्ल्यांतून ती सहज वळते, हा तिचा मोठा गुण. आठवड्यातून तीनदा ती एका वृद्ध सद्गृहस्थांना डायलिसिससाठी नेते व परत आणते. उन्हाळ्यात स्टेशनकडच्या गर्दीत तिचा काटा तांबड्या रेघेकडे सरकू लागला, तेव्हा ते वृद्ध म्हणाले, "फादर, तुम्ही कशाला त्रास घेता? मी रिक्षाने जाईन." डायलिसिसनंतर माणूस किती गळून जातो हे ज्यांनी घरी पाहिले आहे, त्यांना खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षाचा अर्थ सांगायला नको.

एका गॅरेजात सल्ला मिळाला की थर्मोस्टॅट काढून टाकू. तेवढ्याने न भागल्यास हेड उघडू. थर्मोस्टॅट काढून टाकणे हा आपल्याकडचा जुना रामबाण इलाज. वास्तविक थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या प्रसरणावर चालणारी एक झडप. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास पोहोचले की ती उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देते. ती काढली की इंजिन उशिरा गरम होते, पेट्रोल अधिक जळते, झीज वाढते. मूळ दुखणे मात्र जेथल्या तेथे राहते.

आमच्या शेजारी एक निवृत्त मिस्त्री राहतात. त्यांनी गाडीला हातही न लावता विचारले, "फादर, ती तापते कधी? उभी असताना की धावताना?" आमच्या मते साऱ्या निदानाचे मर्म या एका प्रश्नात आहे. गाडी धावत असते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर निववतो, पंख्याची फारशी गरज पडत नाही. उभी राहिली की सारी भिस्त पंख्यावर. म्हणून गर्दीत तापणारी आणि महामार्गावर निवणारी गाडी बहुधा पंख्याची तक्रार सांगत असते. वेगात किंवा घाटात तापणारी गाडी पाण्याच्या वाहण्याची तक्रार सांगते. मग गाळाने भरलेला रेडिएटर, थकलेला वॉटर पंप किंवा मिटून बसलेला थर्मोस्टॅट शोधावा. पाणी वरचेवर कमी होत असेल, तर प्रथम गळती पाहावी. आमची गाडी महामार्गावर शहाण्यासारखी वागत होती व तिचे पाणीही कमी होत नव्हते.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले. रेडिएटरच्या अंगात एक छोटा स्विच बसवलेला असतो. ठराविक उष्णतेला तो पंख्याचा प्रवाह जोडतो. किल्ली फिरवून, स्विचच्या दोन्ही वायरी काढून त्या एकमेकींस जोडताच पंखा भर्रकन फिरला. म्हणजे पंखा, फ्यूज, वायरी सारे निर्दोष, संशय स्विचवर. रेडिएटरमधले पाणी एका भांड्यात काढून स्विच बाहेर घेतला. त्याच्यावर ९५ हा आकडा कोरलेला होता. चुलीवर पाणी ठेवून, स्विचचे पितळी टोक तेवढे पाण्यात बुडेल आणि तळाला लागणार नाही असा तो टांगला, आणि बॅटरी व लहान दिवा त्याला जोडला. वसई समुद्रकाठी असल्याने पाणी १०० अंशांवर उकळते. निराळा तापमापक नको. पाणी खळखळून उकळले, तरी दिवा लागेना. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाई एवढेच म्हणाल्या, "फादर, ते भांडे आता माझ्या मांडणीवर ठेवू नका." त्यांचे म्हणणे रास्त होते.

नवा स्विच आणला तोही याच परीक्षेतून गेला. उकळी फुटण्याआधीच दिवा लागला. तो नव्या वॉशरसह बसवला. कूलंट भरून, झाकण उघडे ठेवून थंड इंजिन चालू केले आणि वरचा होज हाताने दाबत राहिलो, तोवर बुडबुडे येणे थांबले. आत कोंडलेली हवा राहिली, तर नवा स्विचही व्यर्थ. मग झाकण लावून अंगणात गाडी उभी ठेवली. बारा-पंधरा मिनिटांनी पंखा आपणहून सुरू झाला, थोड्या वेळाने आपणहून थांबला.

घरच्या उद्योगाला मर्यादा आहेत. तेलाला दुधाळ चहासारखा रंग आला, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये बुडबुडे थांबेनासे झाले किंवा गरम इंजिनाच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ येतच राहिली, तर हेड गॅस्केटचा संशय धरावा आणि गाडी ओढून न्यावी. "थोडेच अंतर राहिले आहे" या वाक्याने पुष्कळ इंजिने संपवली आहेत.

आणखी एक. रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालू नये. आपल्या बऱ्याच विहिरींना आता मचूळपणा आला आहे. त्यातले क्षार नळ्यांत थर धरतात. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे पुरते. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा वाडीत ओतू नये. ते विषारी असते आणि चवीला गोड, म्हणून कुत्री ते चाटतात. आम्ही ते बाटलीत बंद करून, चिठ्ठी डकवून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवले. पुढे मिस्त्री ते घेऊन गेले.