बदामीची भेग

राजहंसगडाच्या पोस्टखाली कुणीतरी विचारलं होतं, आपल्या भागात पूर्वी दोर लावून कडे चढणारे कोण होते का? होते की. फार नव्हते, आणि त्यात मला धरायचं तर अर्धा धरा.

मी निपाणीचा. बी.कॉम. बेळगावात केलं आणि लगेच बँकेत लागलो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या मित्रांबरोबर रविवारी सह्याद्रीत जायचो. चढण्यात मी बेताचाच, पण बिले द्यायला, म्हणजे खाली उभं राहून वर चढणाऱ्याचा दोर सांभाळायला, मला सगळे बोलवायचे. वजन बरं होतं आणि लक्ष इकडंतिकडं जायचं नाही. आपल्याकडचा दगड काळा, बेसाल्ट. थरावर थर, मधे मुरूम. भेगा असतात, पण तुटक आणि मातीनं भरलेल्या. हात घातला की पहिल्यांदा गवत हातात येतं. म्हणून आमची मंडळी मेखा ठोकत वर जायची. लग्न झालं, पोरं झाली, ते सगळं सुटलं.

१९९२ साली बदामीला बदली झाली. तेव्हा बागलकोट जिल्हा वेगळा झाला नव्हता, बदामी विजापूर जिल्ह्यातच. घरात सगळ्यांची तोंडं वाकडी. माझं मात्र पहिल्याच आठवड्यात तिथल्या दगडावर मन बसलं. लालभडक वालुकाश्म. चालुक्यांनी ह्याच दगडात लेणी कोरली, तिसऱ्या लेण्यातला शिलालेख इसवी सन ५७८ चा आहे. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तोही ह्याच कुळातला. आणि त्याला भेगा अशा, की सुताराने करवत उभी चालवावी तशा खालपासून वरपर्यंत सरळ.

थंडीत बेंगळुरूची पोरं तिथं चढायला यायची. एकदा खानावळीत दोघं भेटले. त्यातल्या एकाला ताप भरलेला. दुसरा, असेल वीस-बावीसचा, बोलता बोलता त्याला कळलं की मला बिले येतो. लगेच म्हणाला, "सार, नाळे हग्ग हिडीतीरा?" उद्या दोर धरता का? आमच्या हिला सांगितलं तर ती म्हणाली, "धरा, पण जमिनीवर उभं राहून."

लेण्यांपासून लांब, गावाबाहेरचा कडा होता. ऐंशीएक फूट, एका दोरात संपणारा. खडबडीत इतका, की नुसता खांदा घासला तरी शर्ट फाटेल. पावसानं ओला असला की हा दगड कमजोर होतो, म्हणून तो पोरगा दोन दिवस थांबला होता, हे मला आवडलं. त्यानं कमरेची पिशवी उघडली आणि मी बघतच राहिलो. मेखही नाही, हातोडाही नाही. तारेला अडकवलेले अॅल्युमिनियमचे पाचरीसारखे तुकडे, लहानमोठे. त्यांना नट म्हणतात, कारण इंग्लंडात पूर्वी लोक खरोखरच यंत्राचे नट दोरीत ओवून भेगेत अडकवायचे. भेग जिथं खाली अरुंद होते तिथं वरून नट सोडायचा. खाली ओढला की घट्ट, वर उचलला की मोकळा. जोडीला दोन 'फ्रेंड', स्प्रिंगची चार पाती असलेले, ओढ बसली की पसरून दगडाला धरणारे. १९७८ साली ते बाजारात आले, पण आपल्याकडं तेव्हाही दुर्मिळच.

मी जन्मभर कर्जाला तारण बघितलेला माणूस. इथं चढणारा स्वतःच तारण ठेवतो, स्वतःच त्याची किंमत ठरवतो, आणि चुकली तर वसुली त्याच्याच अंगावरून. तारण सहा फूट खाली असेल तर माणूस बारा फूट पडतो, वर दोर ताणतो तो वेगळा.

तो चढायला लागला. पन्नासेक फुटांवर, पुढचा नट बसवता बसवता त्याचा पाय सुटला. आवाज नाही, काही नाही, एकदम दोर हिसकला आणि मी दोन पावलं उचलला गेलो. वर बघितलं तर पोरगा लोंबकळतोय, आणि त्याच्या डोक्यावर अंगठ्याएवढा एक नट भेगेत रुतून बसलाय. दोघंही थोडा वेळ गप्प. माझ्या डोळ्यांपुढं त्याचे आईबाप आले, जे मी कधी बघितलेही नव्हते. मग तो म्हणाला, "सार, ओके?" मला विचारतोय! मी म्हटलं, तू बोल बाबा.

तो परत चढला आणि वर पोचला. आता त्याचे नट काढत दुसऱ्यानं वर जायचं असतं. त्याच्याकडं होतं किती, सात-आठ नग, तेही उसने आणलेले. सोडून कसं चालेल? वरून दोर होता, त्यामुळं मला पडायची भीती नव्हती. भीती हाताची होती. भेगेत पंजा सरळ घालायचा, अंगठा तळव्यात दुमडायचा, की पंजा फुगतो आणि अडकतो. त्यावर सगळं वजन. पाय आडवा घालून पिळायचा. धरायला काही नाही, आपणच पाचर व्हायचं. विचित्र आहे, पण जमलं की खुर्चीवर बसल्यासारखं स्थिर वाटतं, दुखत असतं तरी. तो रुतलेला नट काढायला मला पाव तास लागला. खालून ठोक, वर ढकल, हलेना. त्यावर एका पोराचं वजन पडलं होतं, सहज कसा निघेल? शेवटी निघाला.

वर पोचलो तेव्हा उजव्या हाताची पाठ सोललेली. पट्टी बांधायची पद्धत आहे, पण ती त्याच्या हाताला संपली होती. घरी हळद लावताना ही म्हणाली, "दोर धरा म्हटलं होतं. वर चढा कुठं म्हटलं होतं?"

सोमवारी बँकेत हात पुरणपोळीसारखा फुगलेला. तीन ड्राफ्ट सही करून पाठवले. चार दिवसांनी हुबळीहून फोन, सही जुळत नाही म्हणून. त्यांना काय सांगणार, भेगेत हात घातला होता? "हाताला लागलंय," एवढंच म्हटलं आणि खात्री करून दिली.

पुढच्या रविवारी ही आणि मुलगी कडा बघायला आल्या. मी बोटानं दाखवलं, इथून चढलो, इथं तो पडला, इथं नट रुतला होता. ही बराच वेळ भेगेकडं बघत होती. तिथं एक खिळा नाही, ओरखडा नाही, काहीच नाही. म्हणाली, "इथं कुणी चढलंय असं तर दिसत नाही." आणि माझा हात हातात घेऊन खपली बघायला लागली.