बियातला उन्हाळा

कळलावीचं बोंड दिवाळीच्या आगेमागे उलतं. तोवर वेलाची पानं पिवळी पडून गळायला लागलेली असतात, शेंड्याकडचा भाग वाळून काटेरी झुडपात अडकून राहिलेला असतो, आणि त्यात एखाद-दुसरं लांबट बोंड तीन फाकांत उघडून आतलं लालकेशरी बी दाखवत असतं. फुलांच्या दिवसांत, म्हणजे श्रावण-भाद्रपदात, हा वेल कुणालाही दिसतो. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटांसारख्या, आधी हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी पेटलेल्या लाल. कोकणात गौरीच्या पूजेत ही फुलं मानाची. पण बी घ्यायचं तर फुलं पाहून जागा हेरून ठेवावी लागते आणि सगळ्यांचं लक्ष उडाल्यावर तिथे परत जावं लागतं. रोपं करणाऱ्याच्या कामाची खरी सुरुवात या दुसऱ्या फेरीपासून होते.

मी नांदेडजवळ विष्णुपुरीत राहतो. इथली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून चिकटते. कळलावीला ती मानवत नाही. तिच्यासाठी उत्तरेला किनवट-माहूरकडे जावं लागतं. पैनगंगेच्या बाजूचे सागाचे उतार, मुरमाड बांध, बांधावरच्या बोरी-बाभळी, अशा ठिकाणी ती भेटते. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली आला. मराठवाड्यातल्या रानात काय काय उगवतं याची सलग नोंद एका जागी पाहायची तर माझ्यासारख्याला तोच आधार. बाकी बांधावर कुठे काय आहे हे गुराख्यांना आणि म्हाताऱ्या बायांना अचूक ठाऊक असतं.

लिली म्हटलं की लोकांना फुलवाल्याकडची परदेशी फुलं आठवतात. ती खरी लिली, म्हणजे लिलियम, आपल्याकडे रानात उगवत नाही. तिचा एक प्रकार नीलगिरीत आहे, काही हिमालयात, आणि एक मणिपूरच्या शिरुई डोंगरावर. तिथली फिकट गुलाबी लिली १९४६ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड या वनस्पतिशोधकाने गोळा केली आणि तिला पत्नीचं, जीन मॅकलिनचं, नाव मिळालं. आमच्या वाट्याला आल्या त्या जुन्या लिली कुळातल्या आणि त्याच्या शेजारच्या वनस्पती: कळलावी, पानं नसताना मोहरणारा रानकांदा, इवलंसं भुईचक्र, आणि नदीकाठचं क्रायनम, ज्याला कुणी सुदर्शन म्हणतं तर कुणी नागदवणा. आता शास्त्रज्ञांनी ही कुळं वेगवेगळी केली आहेत. बी पेरणाऱ्याला मात्र ती एकत्र ठेवावीशी वाटतात, कारण या सगळ्यांनी एकच प्रश्न सोडवलेला असतो. आठ महिने पाणी नसेल तर जगायचं कसं? उत्तर जमिनीखाली, कंदात, आणि त्याहून आधी बियात.

मग कंदच का आणू नये, असं पुष्कळ जण विचारतात. कळलावीचा कंद उकरून पाहिला की याचं उत्तर मिळतं. तो दोन बाहूंचा असतो, नांगराच्या आकाराचा. प्रत्येक बाहूच्या टोकाला एकच कोंब. कुदळीचा धक्का लागून ते टोक मोडलं, तर उरलेला कंद कितीही भरदार असो, तो पुन्हा फुटत नाही. त्यातून दर हंगामात जुना कंद आटून जातो आणि त्या जागी जेमतेम एक किंवा दोन नवे तयार होतात. म्हणजे कंदातून वाढ अतिशय सावकाश. बांधावरून चार कंद काढले की त्या बांधावरची कळलावी संपली असं समजावं. बोंडातून मात्र एका वेळी डझनावारी बिया मिळतात, झाड जिथल्या तिथे राहतं, आणि बियातून आलेलं प्रत्येक रोप थोडं वेगळं निघतं. एका कंदाची पिलावळ एकाच रोगाने एकदम जाऊ शकते. बियांच्या रोपांत चार जातील, दोन राहतील. रानातली वनस्पती टिकवायची असेल तर हा फरक फार मोठा आहे, आणि या बाबतीत मी कुणाशीही तडजोड करत नाही. उकरलेले कंद कुणी भेट म्हणून आणले तरी मी घेत नाही.

बी काढताना हातावर पिशवी चढवावी. हे झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. त्यातलं कोल्चिसिन गाऊटवरच्या औषधात जातं आणि त्यासाठीच तमिळनाडूत कळलावीची शेती होते. तिथे मांडवावर वेल चढवतात आणि बी जास्त धरावं म्हणून सकाळी फुलाफुलाला हाताने परागण करतात, कारण स्त्रीकेसर बाजूला काटकोनात वळलेला असतो आणि पराग आपोआप तिथे पोचायची खात्री नसते. १९३७ च्या सुमारास याच कोल्चिसिनने वनस्पतींच्या पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करता येतात हे कळलं आणि त्यातून पुढे बिनबियांचं कलिंगड आलं. एवढं जबर रसायन पोटात बाळगणारं झाड लोकांनी दारात लावू नये म्हटलं तर त्यात नवल नाही. घरात भांडणं लागतात असंही म्हणतात. आमच्या शेजारच्या मावशी कुंपणापलीकडून विचारतात, “सर, हे इखाचं झाड कशाला आनलाव घरी?” मी त्यांना सांगतो की लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवलंय. त्या मान डोलावतात, पण नातवाला इकडे येऊ देत नाहीत. ते बरोबरच आहे.

ओलं लाल बी तसंच पेरलं तर ते नुसतं पडून राहतं. आतला गर्भ अजून कच्चा असतो. वरचा लाल थर राखेत चोळून काढायचा, बी सावलीत सुकवायचं आणि कापडी पुरचुंडीत बांधून कोरड्या जागी ठेवून द्यायचं. हिवाळा जातो, मग आमचा उन्हाळा येतो, पारा चाळिशीच्या पुढे. माणसं सावली शोधतात, पण पुरचुंडी तिथेच राहू द्यायची. हे सहा ते नऊ महिने बियाला लागतातच. थंड मुलखातल्या कित्येक लिलींचं उलट आहे. तिथले हौशी लोक बी ओल्या शेवाळात घालून आधी उबेत ठेवतात, आत इवलासा कंद धरला की फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे बियाला वाटतं हिवाळा होऊन गेला, आणि मगच पहिलं पान वर येतं. त्यांच्या बियांना थंडी सोसून यावं लागतं, आमच्यांना कोरडा उन्हाळा. ज्या ऋतूची झाडाला भीती, तो ऋतू बी आधी अंगावर काढतं. नर्सरीत सगळा भर पाणी, खत, सावली देण्यावर असतो. या बियांना मात्र काही काळ काहीच न देणं हीच निगा आहे, आणि शिकणाऱ्याला ते सगळ्यात जड जातं.

क्रायनमचा स्वभाव अगदी निराळा. त्याचं बी हिरवं, मांसल, बोटाच्या पेरापेक्षा मोठं, आणि त्याला इतर बियांसारखं खरं टरफलच नसतं. फुलाचा दांडा फळांच्या भाराने जमिनीवर लवंडतो, बी ओढ्याच्या गाळात पडतं आणि लगेच रुजतं. टेबलावर कोरडं ठेवलं तरी त्याला मूळ फुटतं. ते सुकवून पुरचुंडीत बांधलं तर मेलंच. पावसाळ्यात आणायचं, त्याच दिवशी अर्धं मातीत अर्धं वर असं ठेवायचं. रानकांदा आणखी तिसऱ्या तऱ्हेचा. भर उन्हाळ्यात उघड्या मुरमावर त्याचा नुसता दांडा उभा राहतो, फुलं सांज झाल्यावर उमलतात, आणि पुढे त्याचं चपटं काळं बी वाऱ्यावर उडतं. तेही ताजंच पेरावं.

महाबळेश्वरच्या पठारावरचं क्रायनम वुड्रोई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्यू उद्यानाच्या बेकर यांनी पुण्यात काम केलेल्या वुड्रो यांच्या नावाने नोंदवलं. नंतर शंभरेक वर्षं ते कुणाला दिसलं नव्हतं. अलीकडे ते पुन्हा सापडलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या लीड बोटॅनिकल गार्डनमध्ये सह्याद्रीतल्या अशा दुर्मिळ वनस्पती जपल्या जातात. मराठवाड्यासाठी अशी एक बाग हवी, हे मी जमेल तिथे बोलत असतो. आमची वनस्पती सह्याद्रीइतकी नवलाची नसेल, पण ती आमच्या दुष्काळात टिकलेली आहे, आणि तेवढ्यासाठी तरी तिचं बी आमच्याजवळ असावं.

कळलावी मृगाच्या पावसावर पेरायची. मुरूम, पोयटा आणि कुजलेला पालापाचोळा, काळी माती नको, आणि पिशवी उंच हवी कारण कंद खाली खाली जातो. तीन-चार आठवड्यांनी गवतासारखी पानं येतात. पहिल्या वर्षी पानांच्या टोकाला आधार धरणारा ताणाही नसतो. त्यामुळे पाहणाऱ्याला ती कळलावी वाटतच नाही. ऑक्टोबरात ती वाळते. आता पिशवी रिकामी दिसते. बहुतेक रोपं इथेच जातात. कुणी पिशवीत तुळस लावतं, कुणी माती काढून दुसऱ्या कुंडीत भरतं, कुणी दया येऊन रोज पाणी घालतं आणि वाटाण्याएवढा कंद कुजतो. म्हणून प्रत्येक पिशवीला पत्र्याची पट्टी बांधायची, बी कुठल्या गावच्या कुठल्या बांधावरचं ते त्यावर खिळ्याने कोरायचं, आणि पाणी अजिबात बंद. दुसऱ्या वर्षी वेल वितभर होतो, तिसऱ्या वर्षी ताणे येऊन तो काठी धरतो. फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

तयार झालेली रोपं मी मूळ बांधाकडेच परत नेतो. किनवटचं बी किनवटला, दुसरीकडचं तिथे नाही. गेल्या वर्षी एका शेतकऱ्याने बांध रुंद करताना कडेची बोरीची झुडपं कळलावीसाठी ठेवली. त्यांच्या मुळाशी कंद आडवे, चार बोटं खोल लावले, टोकं वर येतील अशी माती सारली आणि दगड ठेवून खुणा केल्या. शेळ्या या झाडाला सहसा तोंड लावत नाहीत, पण वखराची भीती आहे. पुढची काही वर्षं तिथलं बोंड तोडायचं नाही, ते तिथेच उलू द्यायचं, असं आमच्या दोघांत ठरलं आहे.