आवाज कुणाचा?

टीव्हीचा आवाज ही घरातली राजकीय बाब आहे, असं माझं मत हल्ली पक्कं होत चाललंय. रिमोट कुणाच्या हातात यावरून जेवढी भांडणं होत नाहीत, तेवढी पडद्याच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या त्या आकड्यावरून होतात. आमच्याकडे चिरंजीव अभ्यासाला बसले की आकडा १२. एरवी मी आणि बायको १८ वर खूश. आणि बाबांना ३५ च्या खाली काही कळत नाही. ३५ वर ठेवला की शेजारच्या काकू दुसऱ्या दिवशी जिन्यात आम्हालाच विचारतात, "मग शेवटी तिने खरं सांगितलं की नाही सासूला?"

बाबा ७९ वर्षांचे. तीसएक वर्षं एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये काढली, जिथे शेजारच्या माणसाशी खुणेनेच बोलायचं. निवृत्त झाले तेव्हा घड्याळ मिळालं, शाल मिळाली, आणि हे कान. पूर्वी मालिका बघताना दर दोन मिनिटांनी विचारायचे, "काय म्हणाला रे तो?" मग विचारणं कमी झालं, मग बंदच झालं. हल्ली तर अर्ध्या भागातून उठून गॅलरीत जाऊन बसायला लागले होते. "काही नाही रे, डास बघत होतो" म्हणायचे. चौथ्या मजल्यावर कसले डास!

तर दसऱ्याला नवा टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग होम थिएटरचा विषय निघाला, तेव्हा माझ्या डोक्यात निकष एकच होता. बाबांना गॅलरीतून परत आणेल ती सिस्टीम चांगली.

मुळात टीव्ही जितके पातळ होत गेले तितका त्यांचा आवाज बिघडत गेला. जुन्या डबा टीव्हीत स्पीकर निदान आपल्याकडे तोंड करून असायचा. आता तो बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो, तोंड जमिनीकडे. म्हणजे नायिका आपल्याशी न बोलता शोकेसच्या फळीशी बोलते आणि आपण ते तिसऱ्याच्या तोंडून ऐकतो. त्यात वय आणि कारखाना, दोघेही कानातून आधी वरच्या पट्टीतले सूर चोरतात. गंमत अशी की स्वर खालच्या पट्टीत असतात आणि पुष्कळसे व्यंजन वरच्या. त्यामुळे 'आ' ऐकू येतो, पण त्याच्या आधीचा 'स', 'त' किंवा 'क' निसटतो. साप, ताप आणि काप हे तिन्ही शब्द बाबांच्या कानात 'आप' म्हणून पोचतात. आवाज वाढवला की 'आप' मोठा होतो, 'साप' होत नाही. "ऐकू येतंय, पण कळत नाहीये" या बाबांच्या तक्रारीचा अर्थ हा.

इथे ५.१ या आकड्याकडे बघायला हवं. समोर डावा, उजवा आणि मधला, मागच्या अंगाला दोन, असे पाच. आणि उरलेला '.१' म्हणजे फक्त खालच्या, साधारण १२० हर्ट्झपर्यंतच्या घुमाऱ्यासाठी राखलेला मार्ग, जो सबवूफरकडे जातो. दुकानात कौतुक होतं ते मागच्या दोघांचं आणि सबवूफरचं. पण सिनेमातली बहुतेक सगळी वाक्यं त्या मधल्या, सेंटर स्पीकरमधून येतात. नाटकात जसा सगळा डोलारा पेलणारा नट वेगळा आणि टाळ्या घेणारा वेगळा, तसंच हे.

मुळात ही सगळी खटपट सुरू झाली तीच माणसाच्या बोलण्यावरून. ॲलन ब्लूमलाइन नावाचा इंग्लिश अभियंता सिनेमा बघायला गेला असता, पडद्यावर नट एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच, हे त्याला खटकलं, असं सांगतात. १९३१ मध्ये त्याने स्टिरिओचं पेटंट दाखल केलं. १९४० मध्ये डिस्नेने 'फँटेजिया'साठी प्रेक्षकांच्या भोवती स्पीकर लावून बघितले. आणि ज्यांच्या नावाशिवाय यातलं काहीच आज विकलं जात नाही ते रे डॉल्बी १९६५ मध्ये कंपनी काढण्याआधी युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतातच होते. इतकी सगळी मोठी माणसं खपली ती शब्द बोलणाऱ्याच्या तोंडून यावा म्हणूनही, नुसतं हेलिकॉप्टर डोक्यावरून जावं म्हणून नव्हे.

दुकानात मात्र हेलिकॉप्टरच होतं. चिरंजीवांना ॲटमॉस हवं होतं, म्हणजे छतावरूनही आवाज. विक्रेत्या मुलाने काळोख्या खोलीत नेलं, कुठलातरी स्फोट लावला, माझ्या पँटचा कपडा हलला. "सर, बघा, हजार वॅट!" आता वॅटची गोष्ट अशी की शक्ती दुप्पट केली तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला तो दुप्पट वाटायचा तर शक्ती दहापट करावी लागते. त्यातही तो आकडा पीएमपीओ असेल तर तो सोडूनच द्यावा, आरएमएस किती ते विचारावं. आणि घुमारा फार झाला की तो वरच्या पट्टीतल्या त्या बिचाऱ्या व्यंजनांना आणखीच झाकतो.

मी म्हटलं, "स्फोट राहू दे. दोन माणसं साधं बोलताहेत असं काहीतरी लाव." त्याच्याकडे तसं काही नव्हतं. मग फोनवरून एक मराठी सिनेमा लावला. बाबांना खुर्ची दिली, पण पडद्याकडे पाठ करून, कारण ओठ वाचण्यात ते आता इतके तरबेज झालेत की आपण फसतो. म्हटलं, "बाबा, ऐकू येईल तसं बोलत जा." पहिल्या साऊंडबारला, ज्यात वेगळा सेंटर नव्हता, ते दोन वाक्यांनंतर गप्प झाले. स्फोटवाल्याला, म्हणजे सगळ्यात महागड्याला, निम्मी वाक्यं आली. तिसरा ३.१ होता. समोर तीन, एक सबवूफर, मागे कुणी नाही. त्यात सेंटरचा आवाज बाकीच्यांपेक्षा वेगळा वाढवता येत होता. तो चार घर वर घेतला, सबवूफर खाली आणला. बाबा बोलायला लागले. वाक्यामागून वाक्य, नटाच्या अर्ध्या सेकंदाने मागे, शाळेत पाठांतर म्हणावं तसं. विक्रेता मुलगा हसू विसरून बघत राहिला. शेवटी म्हणाला, "काका, तुम्हाला सगळं येतंय की!"

चिरंजीवांची समजूत घालायला आमच्या हॉलने मदत केली. हॉल दहा बाय चौदा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. सराऊंड स्पीकर ठेवायची शास्त्रशुद्ध जागा म्हणजे समोरच्या रेषेपासून साधारण ११० अंशांवर, कानाच्या किंचित मागे. आमच्या कानाच्या किंचित मागे थेट भिंत आहे. छतावरून आवाज परतवायचा तर मध्ये पंखा. आणि सबवूफरचा घुमारा भिंती मानत नाही, म्हणजे काकूंना आता गोष्टीबरोबर पार्श्वसंगीतही मिळणार. "दिवाळीनंतर सोफा हलवू, मग मागचे दोन घेऊ," या आश्वासनावर तह झाला. घेताना मागचे स्पीकर नंतर जोडता येतात एवढं बघून ठेवलंय.

तुम्ही घेणार असाल तर एवढंच करा: दुकानात तुमच्या घरातला सगळ्यात मंद कान घेऊन जा. टीव्हीला एचडीएमआय एआरसी आहे का ते बघा, म्हणजे एका वायरीत आणि एका रिमोटमध्ये भागतं. 'नाईट मोड' असेल तर वापरा, तो कुजबुज वर उचलतो आणि स्फोट खाली दाबतो. बऱ्याच मालिका स्टिरिओत येतात, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सामाईक बोलणं वेगळं काढून सेंटरला देण्याची सोय आहे का, हेही विचारा.

यंत्राने कान बरे होत नाहीत, हेही खरं. स्पीकर टीव्हीचं बोलणं नीट पोचवेल, नातवाचं नाही. म्हणून गेल्या महिन्यात बाबांचा ऑडिओग्राम काढला. "मी काय बहिरा आहे का?" म्हणणारे बाबा या वेळी फारशी कुरकुर न करता आले, कारण काय काय हातचं गेलं होतं ते त्यांना त्या खुर्चीत बसून कळलं होतं. श्रवणयंत्राची ट्रायल सुरू आहे.

परवा मालिका चालू होती, आकडा २० वर. नायिकेने लांबलचक काहीतरी ऐकवलं. बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काय फालतू लिहितात रे! दोन वर्षं मला वाटत होतं, काहीतरी महत्त्वाचं बोलतायत."

आणि तरी उठून गेले नाहीत.