वहिनीच्या बोटातली अंगठी

नरडाण्याच्या आमच्या घरी थोरल्या वहिनीच्या बोटात आठ महिने तांब्याची अंगठी होती. पाळी बंद होऊन सहा वर्षे झालेली, आणि अंगावरून रक्त जाऊ लागले. लाजेपोटी तिने घरात सांगितले नाही. शेजारणीने कुणाकडून तरी अंगठी आणून दिली. कपाशी वेचायला जाणे चालूच होते.

मला कळले तेव्हा कचेरीतून रजा काढून तिला धुळ्याला नेले, तिथून मुंबईला टाटा रुग्णालयात. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, तिसरी पायरी. किरणांचा शेक आणि दर आठवड्याला सिस्प्लॅटिनचे इंजेक्शन ठरले. त्यात प्लॅटिनम असते हे ऐकून वहिनीने विचारले, "भाऊ, मग माझ्या तांब्यानं काय बिघडवलं? तोही धातूच ना?"

प्रश्न खरा होता. मी वाचून काढले. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग जंतूंवर विजेचा परिणाम पाहत होते. जंतूंचे विभाजन थांबले, ते नुसते लांब होत गेले. शोध घेता कळले, हे काम विजेचे नव्हते. प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून पाण्यात उतरलेल्या संयुगाचे होते. हे संयुग पेशीतल्या डीएनएला चिकटते, पेशीला विभागता येत नाही, ती मरते. १९७८ साली तिथे औषधाला मान्यता मिळाली. भाजल्यावर लावतात त्या पांढऱ्या मलमातही चांदीचे संयुग असते, ते जंतूंना रोखते. पण पायात पैंजण घालून जखम भरत नाही.

अंगठीची परीक्षा कोणी घेतली नव्हती. सिस्प्लॅटिनची टाटा रुग्णालयात घेतली गेली. २००३ ते २०११ या काळात तिसऱ्या पायरीच्या ८५० स्त्रियांचे दोन गट केले. पाच वर्षांनी नुसता शेक घेतलेल्यांत शंभरी ४६ हयात होत्या, जोडीला हे औषध घेतलेल्यांत ५४.

वहिनी त्या ५४ सारखी वाचली. उलट्यांनी हैराण झाली, ऐकू कमी येऊ लागले. आता तिच्याशी मोठ्याने बोलावे लागते.

पण औषध घेऊनही शंभरातल्या ४६ गेल्याच. रोग लवकर सापडला तर वाचणाऱ्या पुष्कळ वाढतात. म्हणून माता-भगिनींनो, पाळी गेल्यावर रक्त दिसले तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि बंधूंनो, घरात विचारत जा. ती अंगठी मी आठ महिने रोज पाहत होतो, विचारले एकदाही नाही.