जकात आणि जक्कय

माझ्या एक सहकारी शिक्षिका वरळी कोळीवाड्यात राहतात. ख्रिस्ती आहेत. २०२४ च्या नाताळात त्यांच्या घरी गेलो, ते काही फक्त शुभेच्छा द्यायला नव्हे. खिशात एका गुंतवणूक योजनेचा कागद होता. महिन्याला शेकडा आठ रुपये नफा, वर 'हलाल' असा शिक्का, आणि नवा माणूस आणला की कमिशन. मी पैसे घातले होते, दोन महिने नफाही घेतला होता. शेजारच्या एका विधवा आपांना मीच त्यात आणलं होतं. त्याचे तीन हजार रुपये मला मिळाले होते.

बाईंच्या सासूबाई ओट्यावर मासळीचे वाटे लावत होत्या. ताजे बोंबील एकीकडे, बर्फातली पापलेटं दुसरीकडे. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "ही कालची हायत, भाव कमी लावते." मला हदीस आठवली. पैगंबरांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत ओल लागली. पावसाने भिजलं, असं विक्रेता म्हणाला. मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, म्हणजे लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं.

ही हदीस मी वर्गात कितीदा सांगितली असेल! तरीही कागद काढलाच. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ते लोक इकतात काय?"

मला उत्तर देता येईना.

बाईंनी मग लूकच्या शुभवर्तमानातली जक्कयची गोष्ट सांगितली. जक्कय म्हणजे यरीहोचा मुख्य जकातदार, पैसेवाला. ठेंगणा, म्हणून येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्याच घरी उतरले. तेव्हा त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करायचं कबूल केलं. "सर, नुसतं दान करून तो थांबला नाही," बाई म्हणाल्या.

परतताना माझ्यातला भाषाशिक्षक एका शब्दापाशी अडला. मराठीत जकात म्हणजे नाक्यावरचा कर. मुंबईत तो २०१७ च्या जुलैत जीएसटी येईपर्यंत होता. उर्दूत ज़कात म्हणजे शिलकीतले अडीच टक्के गरिबांना. शब्द एकच, अरबीतला, आणि त्याच्या अर्थात शुद्ध होणंही आहे, वाढणंही. हिब्रू ही अरबीची बहीण, आणि तिथे जक्कय या नावाचा अर्थही 'शुद्ध'. रमजानमध्ये ज़कात काढली की माल पाक झाला, असं समजून मी निश्चिंत व्हायचो. पण ज़कातीने हलाल कमाई पाक होते. दुसऱ्याच्या खिशातून नाहक आलेला पैसा अडीच टक्के देऊन आपला होत नाही. तो परतच करावा लागतो.

पंधरवड्यातच, जानेवारी २०२५ मध्ये, दादरला टोरेसच्या दुकानासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. माझी योजना वेगळी होती, पण रीत ओळखीची वाटली: दर आठवड्याला परतावा, माणूस आणल्यावर बोनस. तिथे चमकणारे खडे होते. बेंगळुरूची आयएमए २०१९ मध्ये बुडाली, तिथे 'हलाल' हा शब्द होता आणि हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी त्यात गेली. फसलेल्यांना मी हसत नाही, मी त्यांच्यातलाच. मात्र आपांच्या नावावर कमिशन घेतलं, त्या दिवसापासून मी नुसता फसलेला उरलो नव्हतो.

मी माझं मुद्दल मागितलं. बरीच खेटे घालून निम्मं मिळालं. आपांची सगळी रक्कम मी त्यातून आणि पगारातून भरून दिली, वर ते तीन हजार. घेतलेला नफा सवाबची नियत न करता गरजूंना वाटला. जक्कयसारखं चौपट काही जमलं नाही.

पैसे हातात ठेवले तेव्हा आपा म्हणाल्या, "भाई, मैंने कब माँगे थे?"

मागितले नव्हते खरे. माझ्यावर भरवसा होता ना.