सिंहध्वजाचा खांब

पनवेलहून सुटणारी हार्बर लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला रिकामी होते आणि माणसं खाली माना घालून बाहेर पडतात. फाटकाच्या दोन खांबांवर एक सिंह आणि एक वाघ बसलेले आहेत, पण त्यांच्याकडे बघायला सवड कोणाला? सिंह ब्रिटनचा, वाघ हिंदुस्थानचा. ही इमारत १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स तिचे वास्तुरचनाकार, आणि दगडावरचे कितीतरी पशुपक्षी, पानंफुलं जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातची. मला ते फार आवडतात. सिंह आणि वाघ पाहताना मात्र दरवेळी वाटतं, यांना शेजारी बसवलंय खरं, पण दोघांमध्ये फाटक आहे. शिल्पकाराने पूर्व आणि पश्चिम जवळ आणली, एकमेकांत मिसळली नाही.

मिसळण पाहायची तर पनवेलहून उलट दिशेला निघावं. कळंबोलीला द्रुतगती मार्ग धरायचा, खोपोली मागे टाकून बोरघाट चढायचा, लोणावळ्याच्या पुढे कार्ल्याच्या डोंगरावर जायचं. कोकणातल्या बंदरांतून देशावर माल चढत होता, त्या व्यापाराच्या वाटेवरची ही लेणी. कल्याण, चौल, सोपारा ही नावं पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनातही आढळतात. जहाजांतून माल आला, नाणी आली आणि माणसंही आली. त्यातली काही इथेच राहिली असणार, कारण कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब त्यांनी दान दिले आहेत. ब्राह्मी अक्षरांत तसं कोरलेलंच आहे. धेनुकाकटचा एक यवन, नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या वळणाचा माणूस, नाव मात्र आपलं, आणि खांब बुद्धाला. एवढ्याशा ओळीत दोन जगं एकत्र नांदतात.

आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्यावेत. पिंपळपानासारख्या मोठ्या कमानीतून उजेड स्तूपापर्यंत पोचतो. छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षांच्या आहेत, हे कळल्यावर माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, प्रत्येक खांबाला खाली घट आणि वर उलटं कमळ. त्याच्यावर गुडघे टेकलेले हत्ती, हत्तींवर जोडपी. बाईचा हात नवऱ्याच्या खांद्यावर, अंगावर ठसठशीत दागिने, चेहऱ्यावर सुखवस्तू घरातलं समाधान. बहुतेक लोक एवढं पाहून परत फिरतात.

पण खांबांच्या मागून, भिंतीलगतच्या अरुंद प्रदक्षिणामार्गाने चालावं. तिथे हत्तींच्या जागी घोडे आहेत, वाघ आहेत, आणि त्यांच्यातच जनावराच्या अंगावर माणसाचा चेहरा असलेला स्फिंक्सही बसला आहे. मिसरातून ग्रीसला गेलेला हा प्राणी मावळातल्या कातळात येऊन बसला, आणि अवघडलेला मुळीच दिसत नाही. का अवघडावं त्याने? आपल्याकडे मकराला हत्तीची सोंड नि मगरीचा जबडा होता, घोड्याच्या तोंडाची यक्षिणी होती, पुढे अर्धा सिंह झालेला देवही आला. कार्ल्याच्या पाथरवटाला हा पाहुणा परका वाटला नसणार. नव्या सुनेला माप ओलांडून घरात घ्यावं तसं त्याने त्याला घोड्यावाघांच्या पंगतीत घेतलं. जवळच भाजे लेण्यातल्या विहारात खांबाच्या माथ्यावर बाईचा चेहरा आणि जनावराचं धड असलेल्या आकृती बसल्या आहेत. ते काम कार्ल्याच्याही आधीचं. म्हणजे ही एकट्यादुकट्याची लहर नव्हती, हात त्याला सरावलेले होते.

हे हात कोणाचे, याची ओढ मला फार आहे. दात्यांची नावं भरपूर मिळतात. वैजयंतीच्या भूतपाल शेठींनी तर आपलं हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचं अभिमानाने कोरून ठेवलंय, आणि त्यात खोटं काही नाही. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. कारागिरांपैकी एक जण तेवढा भेटतो, धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा. लेण्याचं दार त्याने केलं. तिकडे पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कान्हदास या सोनाराचं नाव आहे, तीच काय ती सोबत. स्फिंक्स घडवणाऱ्याने नाव मागे ठेवलं नाही. त्याने तो प्राणी कुठे पाहिला असेल? एखाद्या नाण्यावर, अंगठीच्या खड्यावर, की कोणा यवनाने नुसता हातवारे करून सांगितला? माझ्या मते मोठा शिल्पकार तोच, जो ऐकीव जनावरालाही आपल्या डोंगराचं वजन देतो.

चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा आई आहे. रायगडच्या कोळीवाड्यांतून, पनवेल-उरणच्या गावागावांतून लोक तिच्या दर्शनाला येतात, ओटी भरतात आणि पायऱ्या उतरतात. पुढच्या वेळी दर्शन झालं की मुलांना घेऊन लेण्यातही जा. खांबांच्या मागच्या बाजूने फिरा, मान वर करा आणि त्यांनाच तो प्राणी शोधू द्या. मात्र खांबाला हात लावू देऊ नका, आणि कोणी नाव कोरताना दिसलं तर तिथेच अडवा.