डावीकडचे घर

लकवा म्हटला की हात गेला, पाय गेला, फार तर वाचा गेली, एवढेच आपण धरून चालतो. माणसाच्या जगाची एक बाजूच लक्षातून जाते, हे अनगोळच्या आमच्या घराला काकांच्या आजारपणात कळले.

काका ताटाचा उजवा अर्धाच जेवत. डावीकडे चटणी, कोशिंबीर तशीच, वर काकूंना विचारीत, "चटणी वाढली नाहीस होय?" डावीकडून हाक मारली तर ओ देत नसत. डोळे शाबूत, कान शाबूत. मग हा राग कशाचा, असे काकूंना वाटे. त्यांनी अबोला धरला.

राग नव्हताच. झटका मेंदूच्या उजव्या अर्ध्याला बसला होता. मेंदूचा उजवा अर्धा लक्षाला डावीकडे ओढतो, डावा उजवीकडे. उजवा दुबळा झाला की रस्सीखेच एकतर्फी होते. डॉक्टर याला 'निग्लेक्ट' म्हणतात. मराठीत दुर्लक्षच; पण मुद्दाम केलेले नव्हे.

१९७८ साली बिसियाक आणि लुझाट्टी या इटालियन संशोधकांनी अशा दोन रुग्णांना मिलानचा कॅथेड्रलपुढचा चौक नुसता आठवायला सांगितला. समोर कॅथेड्रल आहे असे कल्पिले, तेव्हा त्यांनी उजव्या हाताच्याच इमारती सांगितल्या. पाठ कॅथेड्रलकडे करायला लावली, तर मघाशी गाळलेल्या नेमक्या आठवल्या!

हे वाचून मी काकांना म्हटले, "अनगोळातून चौथ्या रेल्वे गेटाकडे निघालाय. काय काय दिसतंय, सांगा बघू." उजव्या हाताची घरे त्यांनी भराभर सांगितली. काकूंचे माहेर डावीकडे. ते आलेच नाही. "आता गेटाकडून परत या," म्हटले. लगेच म्हणाले, "हे सासऱ्यांचं घर. दारात पेरू आहे." काकू दारात उभ्या होत्या. पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. त्या दिवसापासून निम्मे जेवण झाले की त्या ताट फिरवू लागल्या.

शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली, कवटी न उघडता चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदू चेतवण्याचे तंत्र दाखवले. निरोगी डाव्या अर्ध्यावर संथ ठोके देऊन त्याची ओढ सैल करण्याचे प्रयोग पुढे झाले. काही रुग्णांना गुण आला. पण हमखास इलाज म्हणावा, असे अजून ठरलेले नाही. मान डावीकडे वळवायची सवय लावणे, हा साधा व्यायाम मात्र कोणत्याही घरात होतो.

तेव्हा घरात असा आजारी असेल आणि तो आपल्याला ओळख देत नसेल, तर अबोला धरण्याआधी जरा पलीकडे जावे आणि उजवीकडून एक हाक मारून पाहावी.